माझ्या मापाचा बोर्ड

मंगळवार, ४ फेब्रुवारी

“कोणीही वाजवू शकेल, वहिनी.” माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून, मी केलेला चहा पिता पिता दीर असं बोलला. वर हसला.

झालं असं की गेल्या शनिवारी हॉटेलातल्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला माझी एक केबल सैल झाली आणि गिटार मुकी झाली. गिटारचा आवाज बदलायच्या, पायाने दाबायच्या माझ्या काही डब्या आहेत. एक आवाज फाटका करते, एक त्याचा प्रतिध्वनी काढते, एक त्याला थरथर आणते. त्यांना पेडल म्हणतात. मी ती पिशवीतून नेते, स्टेजवर मांडते, एकमेकांना जोडते आणि शेवटी पुन्हा पिशवीत कोंबते. एखादी केबल कधीतरी रुसणारच. पण दिराने लगेच पंचायत बसवली. दीर ड्रम वाजवतो आणि बँड चालवतो, म्हणजे कार्यक्रमांचे फोन तो घेतो. जाऊ गाते. नवरा बेस, म्हणजे जाड तारांची खर्जातली गिटार, वाजवतो आणि स्टेजवर असतो तसाच घरातही असतो, मागे आणि गप्प.

सगळं एका फळीवर कायमचं बसवायला हवं, इथपर्यंत एकमत होतं. मग दिराने फोनवर चित्र दाखवलं. काळी, चपटी पाटी, तिच्यावर ओळीने बटणं आणि एक छोटा पडदा. तयार पेडलबोर्ड. सगळे आवाज त्यात साठवून ठेवायचे, पडद्यावर गाण्याचं नाव येतं, बटण दाबलं की त्या गाण्याचा आवाज हजर. “डोकं चालवायलाच नको,” तो म्हणाला. मी म्हटलं, “ज्यांना डोकं चालवायचं नसतं त्यांच्यासाठी ड्रम आहेत की, भाऊजी.” जाऊ हसली, मग माझ्या नवऱ्याकडे बघून गप्प झाली.

त्यावर तो ‘कोणीही’ म्हणाला. आणि पुढे, “म्हणजे उद्या तुम्ही नसलात तरी अडायला नको.”

मी नसले तरी! या घरात लग्न होऊन आले तेव्हा यांचा बँड म्हणजे दोन भाऊ आणि एक फाटका ड्रम होता. नवऱ्याच्या हातात बेस मी दिला. कुठलं बोट कुठे ठेवायचं तेही मी दाखवलं. आणि आता मी नसले तरी यांचं अडायला नको! नवरा पावाला लोणी लावत बसला होता. इतकं मन लावून तो बेससुद्धा वाजवत नाही.

मी कप उचलायला गेले तर तो निसटला आणि फुटला. त्याचा कान मेला पहिल्यापासूनच गुळगुळीत होता.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आमच्या दातांच्या लॅबमध्ये एक कवळी परत आली. “टोचते” एवढाच निरोप. डॉक्टर तोंडाचं माप घाईत घेतात, आम्ही त्यावरून दात बनवतो, आणि टोचलं की शिव्या आम्हाला. कोरायचं यंत्र हातात धरून अर्धी सकाळ ती घासत बसले. घासता घासता एकदम डोक्यात आलं. तयार कवळी कोणी घेतं का? दुकानात लहान, मध्यम, मोठी अशा टांगलेल्या? प्रत्येक जबडा निराळा, म्हणून तर माझी नोकरी टिकून आहे. मग माझा पायच तेवढा काय म्हणून बाजारातल्या मापाचा?

संध्याकाळी जाहीर केलं, बोर्ड मी बनवणार. नवरा म्हणाला, “तुझ्या हाताला त्रास नको.” मी म्हटलं, “हातांनी काम करूनच हे घर चालतं, त्यांना काय त्रास व्हायचाय?” तो पुन्हा गप्प. मूग गिळून गप्प बसण्याची स्पर्धा असती तर आमच्या घरात कप आला असता.

शनिवार, ८ फेब्रुवारी

हॉटेल. मुकाट आटपलेला कार्यक्रम. लोक जेवत होते, आम्ही त्यांच्या काट्याचमच्यांना साथ केली.

तारा छेडायची पिक दोनदा हातातून सुटली. नवीन पिक घेतल्या त्या साबणासारख्या निसरड्या आहेत. कंपन्यांना आता खरखरीत वस्तू बनवायची लाजच वाटते. जाऊने खाली वाकून दोन्ही वेळा उचलून दिली, गाता गाता. मला ते अजिबात आवडलं नाही. मी काय म्हातारी आहे?

रविवार, ९ फेब्रुवारी

प्लायवूड आणलं. दुकानदार म्हणाला, “ताई, चौकोनी कापून देऊ?” मी म्हटलं, चौकोनी नको. रात्रीपासून आकार डोक्यात होता. पेडलं एका ओळीत मांडली की टोकाच्या पेडलाकडे जायला मला तोल सावरावा लागतो. माझी उंची ही एवढी. त्यापेक्षा ती माझ्याभोवती अर्धवर्तुळात हवीत, कवळीत दात असतात तशी. मी मध्ये उभी राहीन आणि सगळं एकाच अंतरावर.

नवरा म्हणाला, “भोकं मी पाडतो.” मी ड्रिल सोडलं नाही. मग ते स्वस्तातलं ड्रिल इतकं थरथरलं की अंगठा आणि दोन बोटं झोपली. यंत्र खाली ठेवून हात झटकला, पुन्हा उचललं. नवरा दारात उभा होता. “काय बघतोस?” म्हटलं. “काही नाही,” म्हणाला. दारात उभं राहून काही नाही बघायला लागतं का? अंगाचा तिळपापड झाला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज मला स्वतःचं कौतुक करायचं आहे, कारण दुसरं कोणी करणार नाही.

मी स्टेजवर बूट घालत नाही, पातळ मोजे घालते. म्हणजे पायाला कळतं. मग पायाला वाचता येईल असं काहीतरी हवं. जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये प्रत्येक पेडलाच्या बटणासाठी एकेक दात ओतला, चांगला ठसठशीत, अंगठ्याएवढा. फाटक्या आवाजाला सुळा. प्रतिध्वनीला दाढ, कारण ती मला सगळ्यात जास्त लागते आणि दाढेवर पाय नीट बसतो. थरथरीला पुढचा पातळ दात. अंधारात, डोळे मिटून, वाजवता वाजवतासुद्धा चुकणार नाही. कुठे काय हे लिहायची गरज नाही. लिहायचं कोणासाठी?

आणखी एक केलं. हॉटेलातली पोरं सामान हलवताना पेडलांचे कान पिळतात, मग माझा आवाज दर वेळी वेगळा. आता आवाज कमी-जास्त करायची सगळी फिरती बटणं मला हवी तिथे फिरवली आणि कवळीच्या गुलाबी मसाल्याने तिथल्या तिथे बुजवून टाकली. दगडासारखी बसलीत. आता फिरव म्हणावं कोणाला फिरवायचं ते.

लॅबचा मालक बघून म्हणाला, “दुरुस्तीला उघडायचं झालं तर?” मी म्हटलं, “मी आहे ना.” मसाला कालवताना हात तेवढा मध्ये मध्ये झटकावा लागला. थंडी आहे अजून.

रविवार, १६ फेब्रुवारी

दीर ती काळी पाटी घेऊनच आला. दुकानातून दोन दिवसांसाठी, वापरून बघायला. म्हणजे माझा शब्द म्हणजे वाऱ्यावरची वरात!

“एकदा ऐका तरी, वहिनी.” जाऊ पण आली होती, जावा-जावांचं प्रेम दाखवायला. मी गिटार लावली. त्याने बटण दाबलं.

इथे खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून लिहिते. आवाज चांगला होता. मेला फार चांगला होता. सावकाश गाण्यातला प्रतिध्वनी तर असा स्वच्छ की मी दोन वेळा उगाच वाजवून बघितलं. आणि म्हणूनच इतका संताप आला. भिकार निघाला असता तर मी हसून चहा केला असता.

“बघा, साठवून ठेवलं की झालं,” दीर म्हणाला. “पाटीतलं कार्ड काढा, दुसऱ्याच्या हातात द्या, आवाज तोच.”

दुसऱ्याच्या हातात. मी प्लग काढला आणि म्हटलं, “भाऊजी, आवाज पाटीत नसतो, माणसात असतो.” छान वाक्य होतं. पण दीर म्हणाला, “मग पाटी कुठली का असेना?” मी केबल गुंडाळायला घेतली. पाटी परत गेली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बोर्डाचा पहिला दिवस. जोडणी एका मिनिटात झाली. दीर ड्रम लावत असताना मी पाय जुळवून उभी! एकही केबल हलली नाही. फाटका आवाज फाटला, थरथर थरथरली, दाढेवर पाय ठेवला की हॉल भरून जायचा. पुढच्या टेबलावरच्या एका बाईने खाली वाकून बोर्डाकडे बघितलं आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं. त्या गुलाबी हिरड्या आणि दात बघून तिचं जेवण राहिलं बाजूला.

मी खूश होते. अगदी मनापासून. असं वाटलं, आता काढून दाखवा मला.

मग सामान आवरताना दिराने गंमत म्हणून बोर्डावर बूट ठेवला. दाढ समजून सुळा दाबला, सुळा समजून दुसरंच काही. स्पीकर असा किंचाळला की वेटरच्या हातातला ट्रे हलला. तो चिडला. “वहिनी, हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार?”

“कुणालाच नाही,” मी म्हटलं.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. रागाने बघितलं असतं तर परवडलं असतं. त्याचा चेहरा पडला होता, घरातली एखादी चांगली वस्तू फुटल्यासारखा. यांना माझं यश का बघवत नाही, देव जाणे.

शनिवार, १ मार्च

लिहिताना पेन हलतंय, रागाने.

आज दुपारी सरावाला गेले तर माझ्या खुर्चीवर एक माणूस. पाठीला गिटार. वय तिशीचं, दाढी कोरलेली, पायात हे एवढे बूट. मला बघून उठून उभा राहिला आणि “नमस्कार ताई” म्हणाला. दीर म्हणाला, “हा आज फक्त ऐकायला आलाय.”

गिटार घेऊन ऐकायला! मग जेवायला जाताना माणसं चूल घेऊन जातात का?

तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की दिराला म्हटलं, भाडोत्री माणूस आणायचा होता तर निदान मी मरेपर्यंत थांबायचं. नवऱ्याला म्हटलं, तुझ्या भावाने माझी जागा विकली आणि तू बाजूला उभा राहून बघतोस. त्या भाडोत्र्याने दाराकडे बघायला सुरुवात केली होती.

आणि जाऊ, जी माझ्यापुढे कधी आवाज चढवत नाही, ती ओरडली. “ताई, तुमच्या हातातून पिक पडते ती आम्हाला दिसत नाही का? कप पडतात, किल्ल्या पडतात. गेल्या महिन्यात माझ्या बाळासाठी स्वेटर विणायला घेतलंत आणि सुया परत ठेवून दिल्यात, म्हणालात लोकर चांगली नाही. लोकर चांगली होती!”

(जाऊला दिवस गेलेत हे मी या वहीत लिहिलं नव्हतं वाटतं. गेलेत.)

नवरा बोलला. “तू झोपेत हात झटकतेस. रोज. मी जागा असतो.” मग म्हणाला, “हाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मंगळवारची. शस्त्रक्रिया लागली तर काही आठवडे तुला वाजवता येणार नाही. बँड बंद पडला तर तू परत कुठे येणार? म्हणून भाऊ माणूस शोधत होता. म्हणून ती पाटी.”

म्हणजे सगळ्यांनी मिळून माझ्या हाताबद्दल ठरवलं, मला सोडून. माझा हात! माझ्याच मनगटाला जोडलेला! मी तशीच घरी चालत आले. ते लोक चांगले आहेत की वाईट हे मला आज ठरवायचं नाही. मला चिडायचं आहे.

मंगळवार, ४ मार्च

डॉक्टर बाई तरुण, बोलणं तुटक. मनगटात नस दाबली गेली आहे म्हणाल्या. दिवसभर थरथरतं यंत्र, संध्याकाळी गिटार, वर्षानुवर्षं. “उशीर केलात,” असं त्यांनी म्हणावं म्हणून मी तयारच होते, उत्तरही ठरवून ठेवलं होतं. त्या तसं म्हणाल्याच नाहीत. म्हणाल्या, “दोन्ही हात टेबलावर ठेवा, तळवे वर.”

ठेवले. अंगठ्याखालचा उंचवटा डाव्या हाताला भरलेला, उजव्याला बसलेला. दुसऱ्यांच्या दातांतला केसाएवढा फरक मी दुरून ओळखते. लोक मला त्याचाच पगार देतात. आणि हा खड्डा मला दिसला नव्हता. सकाळ-संध्याकाळ याच हाताने पावडर लावते तोंडाला.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, “काय म्हणाल्या?” मी म्हटलं, “तुला माहीत आहेच सगळं, तूच सांग.” मग बसस्टॉपवर बसून रडले. त्याने पिशवी धरली. रडणं थांबल्यावर पुन्हा राग आला, ते बरं वाटलं.

शस्त्रक्रिया बुधवारी, बारा तारखेला.

गुरुवार, १३ मार्च

डाव्या हाताने लिहिते. अक्षर कोंबडीचे पाय. झालं. टाके. दुखतं. सूप. सगळे गोड बोलतात. असह्य.

रविवार, १६ मार्च

काल त्यांनी माझ्याशिवाय वाजवलं. नवरा आल्यावर विचारलं, कसं झालं. “ठीक.” मी म्हटलं, “ठीक म्हणजे चांगलं की ठीक म्हणजे वाईट?” म्हणाला, “भाडोत्र्याने बोर्ड नेला नाही. गिटार सरळ स्पीकरला लावली. लोक जेवले.” भाडोत्री म्हणाला तो! मी ठेवलेलं नाव घरात रुळलं.

लोक जेवले म्हणे. म्हणजे माझे सुळे, माझी दाढ, तो मसाला, काहीच लागत नाही. मी बोर्ड असा बनवला की माझ्याशिवाय कोणाला चालवता येऊ नये, आणि त्यांनी तो नेलाच नाही. इतकं सोपं उत्तर मला सुचलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी हॉटेलच्या नव्या हॉलचं उद्घाटन आहे. पूर्ण संध्याकाळ आमची. त्यांची.

बुधवार, १९ मार्च

सराव आमच्या घरी ठेवला, मला बरं वाटावं म्हणून. मला असं बरं वाटवलेलं आवडत नाही. कोचावर बसवलं, हाताखाली उशी. राणी!

सावकाश गाणं आलं. गिटार सरळ लावलेली. भाडोत्री वाजवतो बरा, सूर चोख, पण गाणं कोरडं पडलं. जाऊ गाताना मध्येच थांबली. “इथे मला आधार लागतो,” म्हणाली. “ताईंचा तो मागून येणारा आवाज.” कोणीच माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे मुद्दाम बघितलं नाही.

भाडोत्री बोर्डापाशी गेला. बूट काढले, हे मात्र मी बघितलं. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. दाढ शोधून दाबली, तर दोन सूर आधीच दाबली गेली, आणि काढताना सुळा पेटला. जाऊने कानावर हात ठेवले. त्याने प्रतिध्वनी जरा कमी करायला फिरतं बटण धरलं. ते हलेना. त्याने वाकून बघितलं. “ताई, हे काय लावलंय?”

“हिरड्या,” मी म्हटलं.

दीर स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. “फोडतो.” मी म्हटलं, “हात लावून बघा, भाऊजी.” भाडोत्री मागे सरला आणि फार साधेपणाने म्हणाला, “राहू दे. हे ताईंच्या पायाचं आहे. मी सरळच वाजवतो.”

त्याने भांडण केलं असतं तर मी जिंकले असते. हे असं सोडून देणं मला सहन झालं नाही. उशी फेकली, उठले, हात छातीशी धरला आणि बोर्डात जाऊन उभी राहिले. म्हटलं, “तू वाजव रे. पाय माझा.”

तो एका बाजूला सरकला. नवऱ्याने चार सूर दिले. पहिल्यांदा मी चुकले, कारण मी वाजवते तिथे त्याने वाजवलं नाही. दुसऱ्यांदा त्याच्या हाताकडे बघत राहिले. हात उचलायच्या आधी याचा खांदा हलतो. तिसऱ्यांदा जमलं.

दीर म्हणाला, “एका गिटारला दोन माणसं. लोक हसतील.” मी म्हटलं, “हसू देत. जेवता जेवता हसलेलं पचतं.”

रविवार, २३ मार्च

अजून डाव्याच हाताने, पण आता अक्षर लागतं.

कालचा हॉल नवा, रंगाचा वास येणारा, खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. स्टेजवर आम्ही असे उभे. तो गिटार घेऊन, आणि त्याच्या शेजारी मी, गळ्यात झोळी, झोळीत हात, पायात मोजे. सुरुवातीला लोकांना वाटलं मी त्याची आई. एकाने मला खुर्ची आणून दिली. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो खुर्ची घेऊन परत गेला.

पहिली गाणी ओढाताणीत गेली. हा मुलगा घाई करतो तिथे मी थांबते, मी धावते तिथे हा रेंगाळतो. गाण्यागणिक चिडत होते. दोघांचे डोळे एकमेकांवर, लोकांकडे बघायला वेळच नव्हता. नवऱ्याकडे एकदा बघितलं तर तो चक्क हसत होता, स्टेजवर, माणसासारखा.

मग सावकाश गाणं. कडवं संपलं की तिथे माझी जागा आहे. ती मी सुरांनी भरून टाकते, नेहमी, कारण रिकामी जागा राहिली तर लोकांना वाटेल हिला येत नाही. भाडोत्र्याने तिथे एकच सूर वाजवला आणि हात तारांवरून काढून घेतला. बस. मला वाटलं विसरला! शिवी तोंडात आली. पण पाय दाढेवर होता, आणि तो सूर परत आला, पुन्हा आला, जरा बारीक होऊन पुन्हा, आणि जाऊने त्याच्यावर तिचा सूर ठेवला. पूर्ण हॉलमध्ये चमचा वाजला नाही.

माझा प्रतिध्वनी मी पहिल्यांदा ऐकला. इतकी वर्षं मीच त्याच्यावर वाजवत होते. इतका चांगला आहे हे मला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर मी भांडले असते.

उतरल्यावर भाडोत्री म्हणाला, “ताई, तिथे पाय जरा उशिरा काढाल? अजून एकदा आला असता.” मला सांगतो! मला! माझ्या बोर्डाबद्दल! मी म्हटलं, “तू वेळेवर सुरू कर, मी वेळेवर काढते.” तो हसला. घरी येईपर्यंत धुसफुसत होते. आज सकाळी चहा ठेवता ठेवता पाय उशिरा काढून बघितला, फरशीवरच. त्याचं बरोबर आहे. अजून एकदा आला असता.

हे सगळं लिहायला बराच वेळ लागला. आणि आत्ता, मागचं वाक्य लिहिताना, पेन घसरलं. अंगठा आणि दोन बोटं. डाव्या हाताची. पेन खरखरीत आहे, थंडी नाही, ड्रिल नाही. हात झटकला. आला परत. पुन्हा झोपला.

पेन खाली ठेवलं. मग हाक मारली. नवरा आंघोळ करून येत होता, टॉवेल खांद्यावर. म्हटलं, “ऐक. डावाही झोपतोय.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “आता झोपेत दोन्ही झटकतेस.”

“आणि बोलला नाहीस?”

“तुझा हात आहे. म्हटलं या वेळी तू सांगशील.”

इतका राग आला, इतका आला, की उठून उभी राहिले. भांडायला तोंड उघडलं. त्याने टॉवेल खांद्यावरून काढून हातात घेतला, मार चुकवायला घेतात तसा.

मी म्हटलं, “डॉक्टर बाईंची वेळ घे. मी सांगते म्हणून घे. आणि भावाला फोन लाव.”

“काय सांगू?”

“त्या भाडोत्र्याला सांगायला सांग, एप्रिल-मे कुठे अडकून घेऊ नकोस म्हणावं. आणि मोजे चांगले आण म्हणावं. मी त्याला पाय शिकवणार आहे.”